केकमधली सम्राज्ञी

आमच्या मंडळात सभासद अकरा आहेत आणि पदं चौदा. त्यामुळे काही जणांना दोन-दोन पदं भूषवावी लागतात, आणि ते बिचारे कुरकुर न करता भूषवतात. औषधवाला थ्रासिवुलोस सरचिटणीसही आहे आणि ग्रंथपालही. ग्रंथ एकूण चार, त्यातले तीन त्याच्या घरी असतात. निवृत्त शिक्षिका पोलिक्सेनीबाई म्हणजे एकटीची शिस्तपालन समिती. मी, दातांचा डॉक्टर आगिसिलाओस व्लाहावास, तज्ज्ञ सल्लागार. कोणी नाणं पुढे केलं की मी डोळ्याला भिंग लावतो, बराच वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, "हं." माझ्या त्या 'हं'ला थेस्सालोनिकीत मान आहे.

'प्राचीन आणि बिझंटाइन नाण्यांचे स्नेही' हे मंडळाचं नाव. छत्र्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी जमतो आणि गेली तीस वर्षं तीच ती नाणी पाहतो. नवीन घ्यायची सोय नाही असं नाही, पण त्याला इतके कागद आणि इतके शिक्के लागतात की तेवढ्यात माणूस स्वतःच पुराणवस्तू होतो. शिवाय घेतलं तरी ते तुमचं होत नाहीच. ते राष्ट्राचं, तुम्ही नुसते राखणदार. तेव्हा नाणी जमवण्याऐवजी आम्ही एकमेकांच्या नाण्यांचा हेवा करतो. त्याला अजून तरी परवाना लागत नाही.

हेवा करण्यासारखं नाणं मंडळात एकच होतं, आणि ते आमच्या अध्यक्षांचं, प्रोद्रोमोस बोस्तांजोग्लूंचं. सम्राज्ञी इरिनीचं सोन्याचं नाणं. ही बाई बाराशे वर्षांपूर्वी बिझंटियमच्या गादीवर बसली. बसण्यापूर्वी तिने पोटच्या पोराचे डोळे काढवले, आणि बसल्यावर नाण्याच्या एका बाजूला स्वतःचा चेहरा पाडला. दुसऱ्या बाजूला कोणाचा पाडावा यावर तिने फार विचार केला नसावा. तिथेही तीच आहे. नाणं कसंही पडलं तरी वर बाईच. अध्यक्षपदासाठी इतकी लायक बाई पुन्हा झाली नाही असं मी मंडळात नेहमी म्हणायचो, आणि प्रोद्रोमोस मोठ्याने हसायचे. माझा विनोद आपल्यावर आहे हे त्यांना कळत नाही, असा माझा समज होता.

आता सांगून टाकतो. ते नाणं बारा वर्षांपासून माझ्याकडे होतं.

झालं असं की प्रोद्रोमोसांनी मोतीबिंदू काढून घेतला, आणि त्या काळात त्यांनी इरिनी माझ्याकडे दिली. तिच्या मुकुटाच्या कडेला काहीतरी चिकटलंय असं त्यांना वाटत होतं. दातांच्या डॉक्टरची हत्यारं बारीक, हात हलका, शिवाय विश्वासाचा माणूस. आठ दिवस ती माझ्या दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी मी तिचा मुकुट साफ केला. दुसऱ्या दिवशी नुसतं बघत बसलो. तिसऱ्या दिवशी मी तिचा ठसा घेतला, कारण ठसे घेणं हा माझा धंदाच आहे. तांब्याचे दोन पातळ पत्रे, दोन्हींवर सोन्याचा मुलामा, पोटात वजनाला थोडं शिसं आणि सगळं जोडायला कवळीसाठी वापरतात तो गुलाबी मसाला, त्यातलाही जुना आणि मऊ. आठव्या दिवशी प्रोद्रोमोसांना त्यांची इरिनी परत मिळाली. डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ते म्हणाले, "डॉक्टर, तुझे उपकार कसे फेडू?" मी म्हणालो, "छे छे, अध्यक्ष." याबाबतीत मी विनयशील आहे.

खरी इरिनी माझ्या दवाखान्यात, काढलेल्या अक्कलदाढांच्या डब्यात. तो डबा उघडायची इच्छा कुठल्याही चोराला होणार नाही, आणि झाली तरी तो लगेच बंद करेल. दर रविवारी सकाळी बायकोला चर्चमध्ये सोडून मी दवाखान्यात यायचो, पडदे ओढायचो आणि तिला काढून बसायचो. पकडला जाईन अशी भीती मला कधी वाटली नाही. प्रोद्रोमोस नाणं मखमलीच्या डबीत काचेखाली ठेवत, आणि कोणी वजनाचा विषय काढला की म्हणत, "आईला कोणी तराजूत घालतं का?" अशा माणसाला फसवण्यात काही कसबही नाही.

गेल्या डिसेंबरपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

जानेवारीत आमच्या गावात प्रत्येक संस्था नव्या वर्षाची वासिलोपिता, म्हणजे संत वासिलिसच्या नावाचा केक, कापते. बँका कापतात, फुटबॉलचे संघ कापतात, पोलीस ठाणी कापतात. केकमध्ये एक नाणं भाजतात. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याचं वर्ष चांगलं. आमच्या मंडळाच्या केकमध्ये आजवर नाक्यावरच्या दुकानातला चकचकीत पत्र्याचा शिक्का निघायचा. तो एकदा माझ्या तुकड्यात आला होता, त्याच वर्षी माझी गाडी चोरीला गेली.

डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी प्रोद्रोमोस उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रांनो, मला लाज वाटते. आपण नाण्यांचे स्नेही, आणि आपल्या केकमध्ये पत्रा! या वर्षी आपण खरं नाणं घालणार आहोत. मी इरिनी देतो."

 मला माझ्या इरिनीच्या पोटातला गुलाबी मसाला आठवला.

तो मसाला कशाने मऊ पडतो हे मला सांगायला नको. उकळत्या पाण्याने पडतो. गरम ओव्हनमध्ये, ओल्या पिठात, तासभर! सम्राज्ञीचे दोन तुकडे होणार, आणि मधून गुलाबी रंग निघणार. दुसरं गाव असतं तर म्हणता आलं असतं, "अरेरे अध्यक्ष, कोणीतरी तुमच्या गळ्यात बनावट नाणं मारलं." पण आमच्या अकरा सभासदांपैकी सात जणांच्या तोंडात माझ्या हातच्या कवळ्या आहेत. तो गुलाबी रंग ते रोज रात्री पेल्यात बघतात.

"कायद्यात बसेल का हे?" पोलिक्सेनीबाईंनी विचारलं. देव त्यांचं भलं करो.

"परवान्यात लिहिलंय, कोरड्या आणि सुरक्षित जागी ठेवावे," थ्रासिवुलोस म्हणाला. "ओव्हनपेक्षा कोरडी जागा दाखवा मला."

"मी डॉक्टर म्हणून बोलतो," मी उठलो. "कोणाचा तरी दात तुटेल."

"मग तुझं कशाला पोट दुखतंय?" थ्रासिवुलोस म्हणाला. "तुला तर गिऱ्हाईक मिळेल! धंदा घरापर्यंत चालत येतोय आणि हा दार लावून घेतोय!"

सगळे हसले. मीही हसलो. थ्रासिवुलोसचा विनोद आवडायची माझ्यावर कधी वेळ येईल असं वाटलं नव्हतं, आणि आलीही नाही.

पण मी हार मानणारा नाही. दुसऱ्याच दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांची बायको, कीरा एवान्थिया, स्वयंपाकघरात चेरीच्या बियांची पूड कुटत होती. केकला तोच वास लागतो, नाहीतर तो केक नव्हे असं तिचं मत. मी साखरेसारखा गोड झालो.

"कीरा एवान्थिया, हल्लीच्या बायका काय करतात माहीत आहे? केक भाजून घेतात, आणि मग खालून सुरीने चीर देऊन नाणं सरकवतात. स्वच्छ. सोपं."

तिने मुसळ खाली ठेवलं. "खालून?"

"खालून."

"चोरून?"

"चोरून कसलं, सगळ्याच करतात—"

"पोरा," ती म्हणाली. मी एकसष्ट वर्षांचा आहे. "माझी आजी निर्वासितांच्या बोटीतून आली तेव्हा तिच्याकडे एक घोंगडी होती आणि एक नाणं. ते तिने त्या वर्षी पिठात घातलं, आणि ते भाजलं. आमच्याकडे नाणं केकबरोबर भाजलं जातं. संत वासिलिसला मागच्या दाराने आत नाही घेत आम्ही."

ती पुन्हा कुटायला लागली. आता माझ्यापुढे दोनच वाटा उरल्या. एक तर सगळ्या मंडळासमोर उघडं पडायचं, नाहीतर खऱ्या इरिनीला परत पाठवायचं. मी तीन दिवस तिसरी वाट शोधली. आजारी पडायचा विचार केला, पण मी आजारी पडल्याने केक भाजायचा थांबणार नव्हता. ओव्हन बिघडवण्याचाही विचार केला. एकसष्ट वर्षांचा, प्रतिष्ठित, दोन पदव्या असलेला माणूस अध्यक्षांच्या ओव्हनची तार कापायच्या गोष्टी मनात घोळवत होता.

मग मला युक्ती सुचली, आणि मान्य करतो, तिचा मला अभिमान वाटला. मी प्रोद्रोमोसांना फोन केला. "अध्यक्ष, बाराशे वर्षं हे नाणं किती हातांतून गेलं असेल! ते सगळ्यांच्या तोंडात जाणार. निर्जंतुक करायला हवं. मी स्वतः करतो."

"शाब्बास!" ते म्हणाले. "असा विचार तूच करू शकतोस. शनिवारी घरी ये. एवान्थिया पीठ मळून ठेवेल."

शनिवारी सकाळी मी दवाखान्यात गेलो आणि डबा उघडला. एका बाजूने पाहिली, मग उलटी करून पाहिली. तोच चेहरा, तेच मोठे डोळे, तोच हातातला गोल आणि त्यावरचा क्रूस. बारा वर्षांत सहाशेच्या वर रविवार झाले, पण मला तिच्या नाकाची बारीक रेघ पाठ झाली नव्हती. दर वेळी ती वेगळीच दिसायची. मी रडलो. उगाच आडून कशाला सांगू? दातांच्या खुर्चीवर बसून, रुमालात तोंड घालून रडलो.

नंतर तिला कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि गेलो.

प्रोद्रोमोसांनी मखमलीची डबी माझ्या हातात दिली. भांड्यात पाणी उकळत होतं. मी हातमोजे घातले, आणि कोणी न विचारता जंतूंवर चार शब्द बोललो. तेवढ्यात प्रोद्रोमोस म्हणाले, "अरे, मी वर्तमानपत्र आणायचं विसरलोच," आणि टोपी घालून निघून गेले. लगेच कीरा एवान्थियाला टेबलावरचं कापड झटकायची आठवण झाली. ती गच्चीत गेली आणि बराच वेळ झटकत राहिली. वार्दारीस, आमच्याकडचा उत्तरेचा बोचरा वारा, सुटला होता, कापड फडफडत होतं. मला वाटलं, किती भोळी माणसं आहेत ही! चोराच्या हातात डबी देऊन दोघंही बाहेर.

दोन मिनिटं पुरली. खरी इरिनी उकळत्या पाण्यात गेली, माझी इरिनी माझ्या खिशात आली. कीरा एवान्थिया परत आली तेव्हा मी चिमट्याने नाणं वर काढून दिव्यासमोर धरलं होतं. तिने ते चांदीच्या कागदात गुंडाळलं, पिठात दाबलं, वरून हाताने क्रूस काढला आणि ओव्हनचं दार लावलं. मला तिथेच थांबायला सांगितलं, कॉफी दिली. मी तिथे तासभर बसलो. बारा वर्षांनी ती माझ्यापासून दूर झाली, आणि ती ज्यात भाजली जात होती त्या केकची मला वाट बघावी लागत होती.

घरी जाताना मात्र मन हलकं झालं. मी वाचलो होतो. त्या दोघांना काही कळलं नव्हतं, मंडळाला काही कळणार नव्हतं. नाणं गेलं, पण अब्रू राहिली. अशा अब्रूने काय करतात ते मला नीट माहीत नव्हतं, पण राहिली खरी.

रविवारी अकरा वाजता आम्ही खोलीत जमलो. पोलिक्सेनीबाईंनी पांढरं कापड अंथरलं. थ्रासिवुलोसने सरचिटणीस म्हणून पाच मिनिटं भाषण केलं आणि ग्रंथपाल म्हणून आणखी पाच. मग प्रोद्रोमोसांनी केकवर सुरीने क्रूस काढला आणि कापायला घेतलं.

"हा ख्रिस्ताचा. हा देवमातेचा. हा या घराचा. हा दारात येणाऱ्या गरिबाचा. हा अध्यक्षांचा..." तिथून पुढे वयाप्रमाणे. थ्रासिवुलोस आपला तुकडा भुगा होईपर्यंत बोटांनी चाचपत होता. मी सावकाश खात होतो. मला आता कसली घाई?

माझ्या काट्याला काहीतरी कडक लागलं.

"डॉक्टरला!" पोलिक्सेनीबाई ओरडल्या. "डॉक्टरला आलं!"

टाळ्या वाजल्या. थ्रासिवुलोस म्हणाला, "नशीबवान माणूस! दातही याच्या हातात आणि नाणंही!" मी चांदीचा कागद उलगडला. इरिनीला केकचा चुरा लागला होता, पण ती तशीच होती, आणि माझ्याकडे बघत होती. सगळ्या मंडळासमोर, माझ्याच हाताने, मी ती उचलली आणि प्रोद्रोमोसांपुढे धरली.  लोकांना वाटलं, आनंदाने धरली.

प्रोद्रोमोसांनी ती घेतली, शर्टाच्या बाहीला पुसली. मग कोटाच्या खिशातून बोटभर लांबीचा तराजू काढला. सोनार वापरतात तसला. आमच्याकडचे सगळे जण असला तराजू बाळगतात, एक प्रोद्रोमोस सोडून.

"अध्यक्ष, आईला तराजूत घालता?" मी म्हणालो. आवाज नेहमीसारखा यावा म्हणून फार प्रयत्न केला.

"गंमत म्हणून," ते म्हणाले, आणि मोजलं. "चार पूर्णांक बेचाळीस ग्रॅम." आकडा सगळ्यांना ऐकू गेला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वा. छान भरलंय वजन."

कोणाला काही वाटलं नाही. सगळे त्सिपुरो दारूच्या बाटलीभोवती गेले. प्रोद्रोमोस खिडकीपाशी बसले आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "बस, डॉक्टर."

मी बसलो.

"तू दिलेली ती दुसरी तीन ग्रॅमची होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पट्टी सुटली त्याच दिवशी मी वजन केलं होतं. कडेला गुलाबी दिसत होतं रे. कडा नीट घासायला हवी होतीस."

 माझ्या 'हं'साठी शहरभर ओळखला जाणारा मी, माझ्या तोंडून तेवढाही आवाज निघेना.

"एवान्थिया म्हणाली, पोलिसांत जा. मी म्हटलं, एखाद्या सोनाराने नेली असती तर वितळवली असती. व्यापाऱ्याने परदेशी पाठवली असती. डॉक्टरने नेली, म्हणजे तो तिच्याकडे बघत असणार. सुखरूप आहे. मी वाट बघितली. म्हटलं, येईल कधीतरी आणि सांगेल. बारा वर्षं दर गुरुवारी तू माझ्यासमोर बसलास आणि माझी टिंगल केलीस."

"मग आता का?" मी विचारलं.

"डोळ्यांत पुन्हा काहीतरी निघालंय. या वेळी ऑपरेशनने भागणार नाही म्हणतात." ते बाहेर बघत होते. "मी एवान्थियाला म्हटलं, याला लाज न वाटता परत ठेवता येईल असं काहीतरी करू. तिने केक सुचवला. ती गच्चीत बराच वेळ कापड झटकत होती ना? हात दुखून आला म्हणाली."

पलीकडे थ्रासिवुलोस कोणाला तरी सांगत होता की पुढच्या वर्षी आपलं चांदीचं नाणं घालायचं.

"किती वेळा बघायचास?" प्रोद्रोमोसांनी विचारलं.

"दर रविवारी." खोटं बोलायचं त्राणच राहिलं नव्हतं. "सकाळी. तासभर, कधी दोन तास."

"मी पण रविवारीच," ते म्हणाले. "त्याच वेळी. मी आपला तुझा मसाला बघत बसायचो." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा विचारलं असतंस, तर घरी येऊन बघितली असतीस. दोघांनी मिळून बघितली असती. एवान्थियाने कॉफी केली असती."

 मी हातातल्या चांदीच्या कागदाची घडी घातली.

"पुढच्या रविवारी येऊ का?" मी विचारलं. मला खरंच यायचं होतं. इतकं काही मागावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी इरिनी वरच्या खिशात घातली, टोपी घेतली, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात टेकला, आधारासाठी.

"नको," ते म्हणाले. "माझं बारा वर्षांचं बघायचं राहिलंय."